ओलं लागतंय, पण गार न्हाई

आजींच्या पोटावर, जखमेच्या पट्टीपासून चार बोटे दूर, स्पिरिटचा बोळा टेकवून मी विचारले, “आजी, इथं कमी गार लागतंय ना?” आजींनी मान हलवली. बोळा दुसऱ्या बाजूला नेऊन मी तोच प्रश्न विचारला, आणि त्यांनी तशीच मान हलवली. मी तक्त्यावर ‘टी-६, दोन्ही बाजू, ठीक’ असे लिहिले, म्हणजे औषधाचा परिणाम दोन्हीकडे छातीच्या सहाव्या चेतामुळाच्या पट्ट्यापर्यंत पोहोचला आहे, औषधाच्या पंपावरचा आकडा पाहिला आणि पुढच्या खाटेकडे गेले. त्या वेळी मी एका सरकारी रुग्णालयात भूलशास्त्रात एम.डी. करत होते, दुसरे वर्ष होते, आणि आजींच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला दीड दिवस झाला होता. छेद छातीच्या हाडाखालून बेंबीच्या खालपर्यंत होता. वेदनाशमनासाठी आठव्या-नवव्या पाठीच्या मणक्यांच्या फटीतून एपिड्युरल कॅथेटर, म्हणजे औषध सोडणारी बारीक नळी, घातला होता आणि ०.१२५ टक्के ब्युपिव्हाकेन हे बधिर करणारे औषध, त्यात दर मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅम फेंटानिल हे वेदनाशामक, असे मिश्रण ताशी ६ मिलिलिटर वेगाने चालू होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्टने त्यांना खोकायला सांगितले, तेव्हा आजी डाव्या कुशीवर हात दाबून रडल्या. आदल्या छत्तीस तासांच्या तक्त्यावर ‘टी-६, दोन्ही बाजू, ठीक’ ही नोंद नऊ वेळा होती आणि त्यांतल्या तीन नोंदी माझ्या अक्षरात होत्या. डाव्या फुप्फुसाच्या तळाशी श्वासाचा आवाज मंद झाला होता, कारण दुखते म्हणून त्या खोल श्वासच घेत नव्हत्या. रात्रभर त्या उजव्या कुशीवर निजून राहिल्या होत्या आणि आम्ही सगळ्यांनी ती शांत झोप मानली होती.

मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले. बोळा पुन्हा भिजवला, आधी त्यांच्या खांद्यावर टेकवला आणि विचारले, “इथं कसं लागतंय?” त्या म्हणाल्या, “गार लागतंय की.” मग पोटाच्या उजव्या बाजूला, बेंबीच्या रेषेत टेकवला. आजींनी डोळे मिटले, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “हितं ओलं लागतंय, पण गार न्हाई.” मग डाव्या बाजूला, त्याच रेषेत. त्यांनी झटकन पोट आखडून घेतले. “आगं पोरी, हितं लई गार.”

एपिड्युरलच्या संवेदना-रोधाबद्दल जे सगळे सांगता येते, ते त्या तीन उत्तरांत आहे. ‘ओलं लागतंय, पण गार न्हाई’ हे वाक्य पाठ्यपुस्तकातल्या एका पानाइतके अचूक आहे आणि ते माझ्या प्रश्नामुळे आले नव्हते; माझा आधीचा प्रश्न तर त्या वाक्याला वाटच देत नव्हता.

एपिड्युरलमध्ये औषध मज्जारज्जूच्या आत जात नाही. मज्जारज्जूवरच्या जाड आवरणाच्या, म्हणजे ड्युराच्या, बाहेरच्या पोकळीत ते पसरते आणि मणक्यांमधून बाहेर पडणाऱ्या चेतामुळांना भिजवते. त्या प्रत्येक मुळात निरनिराळ्या जाडीचे तंतू असतात. गारवा आणि टोचणे वाहून नेणारे तंतू बारीक असतात, नुसता स्पर्श नेणारे त्याहून जाड आणि स्नायू हलवणारे सर्वांत जाड. सौम्य औषधाने बारीक तंतू आधी बंद पडतात आणि जाड तंतू बहुतांशी चालू राहतात. म्हणूनच गारव्याची संवेदना गेलेल्या जागी बोळ्याचा स्पर्श कळतो, त्याचा ओलेपणा जाणवतो, आणि रुग्ण पायही हलवू शकतो. वेदनाशमनासाठी आपल्याला नेमकी हीच अवस्था हवी असते. शरीराच्या कोणत्या उंचीपर्यंत रोध पोहोचला, हे गारव्याने, टोचण्याने आणि स्पर्शाने तपासले तर तीन निरनिराळी उत्तरे मिळतात, आणि सहसा गारव्याची सीमा स्पर्शाच्या सीमेपेक्षा वर असते. त्यामुळे तक्त्यावर नुसते ‘टी-६’ लिहिणे अपुरे आहे. कशाने तपासले, हेही तिथे लिहिलेले असले पाहिजे.

ही उंची मोजायची पट्टी रुग्णाच्या अंगावरच असते. प्रत्येक चेतामूळ त्वचेचा एक ठरावीक पट्टा सांभाळते. स्तनाग्राच्या पातळीवर छातीचा चौथा पट्टा, छातीच्या हाडाच्या टोकाशी सहावा, बेंबीशी दहावा, जांघेपाशी कमरेचा पहिला, पायाच्या अंगठ्याकडे कमरेचा पाचवा, करंगळीच्या कडेला त्रिकास्थीचा, म्हणजे कमरेखालच्या हाडाचा, पहिला. विद्यार्थ्यांना हे पट्टे समजावताना मी नागिणीचे उदाहरण देते, कारण आपल्याकडे नागीण प्रत्येकाने घरात कोणाला तरी झालेली पाहिलेली असते. फोडांचा तो पट्टा पाठीच्या कण्यापासून निघून एका बाजूने पुढे येतो आणि पोटाच्या मधोमध थांबतो. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस जातो, ही भीती गावोगाव आहे. प्रत्यक्षात ती बहुधा मध्यरेषा ओलांडत नाही, कारण ज्या एका मुळाशी विषाणू दबा धरून असतो ते मूळ शरीराच्या एकाच बाजूचे असते. इंग्लंडमध्ये हेन्री हेड आणि आल्फ्रेड कॅम्पबेल यांनी १९०० साली नागिणीच्या रुग्णांचाच अभ्यास करून त्वचेच्या या पट्ट्यांचा नकाशा मांडला होता. त्यातून एपिड्युरलसाठी घ्यायचा धडा सरळ आहे. डावी आणि उजवी बाजू ही दोन स्वतंत्र शरीरे समजून तपासायची. आजींच्या बाबतीत कॅथेटरचे टोक पोकळीत एका बाजूला सरकून कुठल्याशा चेतामुळाच्या वाटेकडे गेले असणार, म्हणून औषध उजवीकडेच पसरत होते. कॅथेटर दीड सेंटिमीटर मागे घेतला, नळीतून रक्त किंवा मज्जारज्जूभोवतीचे पाणी परत येत नाही ना हे पाहून थोडे-थोडे करून ५ मिलिलिटर औषध दिले, दर पाच मिनिटांनी रक्तदाब मोजत बसले. वीस-पंचवीस मिनिटांनी डावीकडेही ‘ओलं’ आले. नंतर आजी उशी पोटाशी धरून खोकल्या, तोंड वाकडे झाले, पण रडल्या नाहीत.

त्या दिवसापासून माझी तपासण्याची रीत बदलली आणि गेली कित्येक वर्षे तीच चालू आहे. सर्वांत आधी जिथे औषधाचा संबंधच नाही अशा जागी, गालावर किंवा खांद्यावर, बोळा लावायचा, म्हणजे रुग्णाला कळते की ‘गार’ म्हणजे आपण नेमके काय विचारतो आहोत. ज्याला तुलनेसाठी काही दिलेले नाही त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्यानंतर पोटाच्या बधिर भागातून वर-वर जायचे, प्रत्येक ठिकाणी बोळा एक-दोन सेकंद टेकवायचा आणि रुग्णाला सांगायचे की खांद्यासारखे गार लागले की सांगा. मग तसेच खाली-खाली. वरची सीमा सगळे पाहतात, खालची फार थोडे पाहतात, आणि पोटाच्या खालच्या टोकाला दुखणारा रुग्ण बहुतेकदा खालच्या सीमेपाशीच सापडतो. दोन्ही बाजू. रुग्णाने डोळे मिटलेले बरे, कारण बोळा कुठे आहे हे दिसत असले की माणूस उत्तराचा अंदाज बांधू लागतो.

स्पिरिटचा बोळा सगळीकडे मिळतो, म्हणून आपल्याकडे तोच वापरात आहे, पण तो फसवतो. गारवा स्पिरिट उडून जाण्यामुळे येतो, त्यामुळे तीन-चार ठिकाणी लावून झाले की बोळा नुसता ओला राहतो, आणि तो पुन्हा न भिजवता पुढे गेलो तर बधिर नसलेल्या जागीही ‘गार नाही’ हेच उत्तर मिळते. मे महिन्यात पंख्याखालच्या वॉर्डात तर तुलनेसाठीचा गारवाच अंधूक असतो. म्हणून माझा भर बर्फावर आहे: हातमोज्याच्या बोटात पाणी भरून, गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेवलेल्या कांड्या. वापरण्याआधी त्या गॉजने कोरड्या पुसायच्या. म्हणजे ओलेपणा मधे येत नाही आणि राहतो तो निव्वळ गारवा. त्वचा झटकन गार करणारा इथाइल क्लोराइडचा फवारा नेमका असतो, पण तो जखमेजवळ मारायचा नाही. इंजेक्शनची सुई टोचून पाहण्याची जुनी सवय तर पूर्णपणे सोडली पाहिजे. त्वचेवर रक्ताचे ठिपके उठतात, संसर्गाची वाट उघडते आणि ज्याला कळत नाही त्या जागी किती खोल टोचले हे कोणालाच कळत नाही. टोचण्याची संवेदना पाहायचीच असेल तर मोडलेल्या टूथपिकचे टोक पुरते, आणि ते त्या रुग्णानंतर टाकून द्यायचे.

आता शब्दांविषयी, कारण माझ्या मते चूक बहुतेकदा हातापेक्षा तोंडात असते. आपल्या भाषेत ‘ना’ हा छोटा शब्द प्रश्नाच्या शेवटी लागला की उत्तर ठरून जाते. “गार लागतंय ना?”, “आता बरं आहे ना?”, “पाय हलतोय ना?” असे विचारणारा डॉक्टर घाईत आहे हे रुग्णाला कळते, आणि आपल्याकडचा वयस्कर रुग्ण, विशेषतः खेड्यातून आलेली बाई, डॉक्टरला नाही म्हणणे हा उद्धटपणा समजते. म्हणून मी ‘ना’ टाळते आणि ‘कसं’ विचारते. “इथं कसं लागतंय? खांद्यासारखंच, की वेगळं?” मग माणसे आपापले शब्द देतात आणि ते शब्द ऐकायला शिकावे लागते. ‘मुंग्या आल्यात’ म्हणजे रोध बसतो आहे किंवा उतरतो आहे. ‘जड झालंय’ हा बहुधा स्नायूंविषयीचा शब्द असतो, त्वचेविषयीचा नव्हे, आणि त्यावर पाय तपासल्याशिवाय पुढे जायचे नाही. ‘झोंबतंय’ म्हणजे स्पिरिट लागते आहे, तिथे रोध नाही. ‘बोट लावल्यासारखं वाटतंय’ म्हणजे टोचणे गेले, स्पर्श आहे. ‘बधिर’ हा शब्द मात्र फसवा आहे. जिथे काहीच कळत नाही त्यालाही माणसे बधिर म्हणतात आणि जिथे मुंग्या आहेत त्यालाही. कोणी बधिर म्हटले की मी पुन्हा विचारते, “म्हणजे कसं?”

स्त्री-रुग्णाची छाती तपासताना तिचा संकोच हाही तपासणीचा भाग आहे. चादर गळ्यापर्यंत ओढून घेतलेली बाई लवकर सुटका व्हावी म्हणून काहीही उत्तर देते. सिस्टर सोबत हवी, पडदा ओढलेला हवा, काय करणार आहोत हे आधी सांगितलेले हवे आणि अंगावरचे कापड हवे तेवढेच बाजूला हवे. शिवाय वयस्कर स्त्रियांत स्तनाग्र ही खूण उपयोगाची नसते, आणि दिवस भरलेल्या बाईच्या बेंबीवरही विसंबता येत नाही. बरगड्या मोजून चौथी फट शोधणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

छातीच्या वरच्या भागात आणखी एक चकवा आहे. गळपट्टीच्या हाडाखालची त्वचा मानेच्या चौथ्या मुळाकडे असते आणि तिच्या लगेच खाली छातीचा दुसरा पट्टा येतो. मधली मुळे, म्हणजे मानेचे पाचवे ते छातीचे पहिले, हातात उतरलेली असतात. त्यामुळे गळपट्टीपाशी गार लागते आहे एवढ्यावर रोध वर गेलेला नाही असे ठरवता येत नाही. दंडाची आतली बाजू आणि हाताची करंगळी तपासावी लागते, आणि रुग्णाला माझी दोन बोटे घट्ट धरायला सांगावे लागते. करंगळीला मुंग्या, पकड सैल, आवाज बारीक, ही चिन्हे दिसली तर पंप बंद करून तिथेच थांबायचे. छातीच्या पहिल्या चार मुळांतून हृदयाची गती वाढवणारे तंतू जातात, त्यामुळे रोध इतका वर गेला की रक्तदाबाबरोबर नाडीही मंदावते. आणि श्वासपटलाची मुळे मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीवर, म्हणजे तिथून फार दूर नसतात.

प्रसूतीचे गणित वेगळे आहे. कळांच्या पहिल्या टप्प्यात वेदना छातीच्या दहाव्या ते कमरेच्या पहिल्या मुळातून येते, तर बाळ खाली सरकू लागल्यावर त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या मुळातून. म्हणून पहाटे सुखात असलेली बाळंतीण दुपारी ‘खाली फार दाब येतोय’ म्हणते, तेव्हा एपिड्युरल बंद पडले असे समजण्याआधी रोध खाली कुठपर्यंत आहे हे पाहायला हवे. त्याच कॅथेटरमधून औषध देऊन सिझर करायचे ठरले तर मापदंड कडक होतो: दोन्ही बाजूंना गारव्याचा रोध चौथ्या पट्ट्यापर्यंत आणि हलक्या स्पर्शाचा पाचव्यापर्यंत हवा. पोटाची त्वचा बेंबीखाली कापत असली तरी आतल्या पडद्याची आणि गर्भाशयाची संवेदना फार वरून येते. इथे मी गारव्यावर समाधान मानत नाही, स्पर्श तपासतेच. आणि इतके तपासूनही शस्त्रक्रिया चालू असताना बाई म्हणाली की दुखतंय, तर दुखतंय. ‘नुसतं ओढल्यासारखं वाटतंय’ असे तिच्या वतीने आपण ठरवायचे नाही. तक्त्यावरचा टी-४ तिच्या शब्दापेक्षा मोठा नसतो.

वॉर्डात सर्वांत दुर्लक्षित तपासणी पायांची आहे. भूलतज्ज्ञ फिलिप ब्रोमेज यांनी १९६५ साली मांडलेली श्रेणी आजही वापरात आहे आणि ती करायला अर्धे मिनिट लागते: गुडघा आणि पाऊल पूर्ण वाकते का, गुडघा जेमतेम हलतो का, फक्त पाऊल हलते का, की काहीच हलत नाही. पाठीच्या मधल्या भागातून घातलेल्या कॅथेटरने सौम्य औषध चालू असताना पाय जवळपास मोकळे असायला हवेत. ते तसे नसतील तर औषध जास्त होत असेल, कॅथेटर ड्युराच्या आत शिरला असेल, किंवा मणक्याच्या पोकळीत रक्त साचून मज्जारज्जू दाबला जात असेल. शेवटची शक्यता फार क्वचितची, पण तिला वेळ मोजून मिळतो. रक्ताची गाठ साधारण आठ तासांच्या आत काढली गेली तर पाय वाचण्याची आशा चांगली, नंतर ती झपाट्याने कमी होते. ‘एपिड्युरल आहे, पाय जड असणारच’ हे वाक्य मी निरनिराळ्या वॉर्डांत इतक्या वेळा ऐकले आहे की ते ऐकताच मला भीती वाटते. पाय जड असणारच असे काही नसते. काल हलणारा पाय आज का हलत नाही, याचे उत्तर प्रत्येक वेळी शोधावे लागते.

म्हणून आमच्या वॉर्डातल्या तक्त्यावर मी दोन रकाने वाढवून घेतले. एका रकान्यात डाव्या आणि उजव्या गुडघ्याची नोंद वेगवेगळी असते. दुसऱ्यात रुग्णाचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहायचे असते. सुरुवातीला सिस्टरांना हे वाढीव काम वाटले आणि ते साहजिक होते. चाळीस खाटांमागे रात्री दोघीच असतात. पण ‘ठीक’ हा शब्द लिहायला मी मनाई केली आहे आणि त्या आता इतर तक्त्यांवरही तो लिहीत नाहीत.

मागच्या पावसाळ्यात रात्री पावणेबाराला एका सिस्टरचा फोन आला. “मॅडम, सात नंबरचा डावा गुडघा उचलत नाही. आठला उचलत होता. म्हणतोय, पाय दुसऱ्याचा झालाय.” त्या रुग्णाला रात्री नऊ वाजता रक्त पातळ ठेवणारे हेपॅरिनचे इंजेक्शन मिळालेले होते. मी फोनवरच पंप बंद करायला सांगितला, गाडी काढली, एमआरआयच्या तंत्रज्ञाला आणि मणक्याच्या सर्जनना कळवून ठेवले. पंप बंद केल्यावर ताकद परत येऊ लागायला हवी. चार तासांत ती आली नाही, किंवा त्याआधी वाढती दुर्बलता दिसली, तर थांबायचे नाही, हे आमचे ठरलेले आहे. मी पोहोचले तेव्हा सिस्टर खाटेजवळ उभ्या राहून दर पंधरा मिनिटांनी नोंद करत होत्या. पाठीत दुखणे नव्हते. डावीकडे गारव्याची खालची सीमा पार पावलापर्यंत उतरली होती, उजवीकडे बेंबीखाली थांबली होती. साडेबाराला अंगठा हलला. एक वाजता टाच गादीवरून सरकली. दीडला त्याने गुडघा वाकवून पाऊल गादीवर टेकवले, आणि सिस्टरांनी तक्त्यावर लिहिले: ‘डावा गुडघा पूर्ण. रुग्ण म्हणतो, आता माझाच आहे.’ पंप आम्ही पुन्हा निम्म्या वेगाने सुरू केला आणि कॅथेटर सकाळी नऊनंतर, इंजेक्शनपासूनचे बारा तास भरल्यावर, काढला.